क्लिफर्डची डुकरं

इंग्लंडमधल्या ड्रिफील्डच्या दवाखान्यात माझ्यापुढच्या बाकावर डुकरं पाळणारा क्लिफर्ड आणि त्याची शेजारीण डोरीन बोलत होते.

"झोपेचं औषध मागायला आलास?"

"हो. शेड रिकामी झाल्यापासून डोळ्याला डोळा लागत नाही गं."

"सगळी विकलीस?"

"घेतंय कोण? युरोपशी काडीमोड झाला, कत्तलखान्यातले रुमानियाचे कसाई घरी गेले. डुकरं वाढून शेडमध्ये मावेनात. शेवटी तिथंच बंदुकीनं मारावी लागली."

"धडधाकट डुकरं! आणि दुकानात बेकन येतंय डेन्मार्कचं. काडीमोडाला मत द्या म्हणून फलक तूच ठोकला होतास ना फाटकावर?"

"ठोकला होता."

"बरं, राहू दे. पळाली नाहीत रे ती?"

"छे! हाक ऐकली, खाणं आलं समजून धावतच आली."

"हाक मारली कोणी?"

"मीच. दुसऱ्या कुणाच्या हाकेला येत नसत ती."