दोघांचा हात घोड्यावर

जमलेल्या आयांनो, मावश्यांनो, काकांनो,

उभी तर राहिले, पण मला भाषण कुठलं येतंय! मी शिलाई मशीन चालवणारी बाई. त्यात समोर सुमनबाईंचा रिकामा पाट दिसतोय. बाई गेल्या, तरी अजून वाटतं, पदराला हात पुसत आतून येतील आणि त्यावर बसतील.

मी छायाची आई. कळंबोलीची नवी घरं बांधून झाली, तेव्हा आम्ही तिथे राहायला आलो आणि छायाला पनवेलला बाईंच्या बालवाडीत घातलं. कुणीही हातातलं ओढावं, हिने देऊन टाकावं. रडायचीसुद्धा नाही हो! माझा जीव तुटायचा. या पोरीचं पुढे कसं व्हायचं?

एके दुपारी तिला न्यायला आले, तर लाकडी घोड्यावरून भांडण. छायाचा हात घोड्यावर, कोळीवाड्यातल्या दिन्याचाही हात घोड्यावर. बाईंचा नियमच तो. दोघांनी हात ठेवायचा, ओढायचं नाही, काय हवंय ते तोंडाने सांगायचं. बाई मधे पडायच्या नाहीत. त्या आपल्या पाटावर, खाऊसाठी मोड आलेले वाल सोलत बसलेल्या.

मी चिडलेच. "अहो बाई, बघत काय बसलात? सोडवा की भांडण!"

बाई हळूच म्हणाल्या, "थांबा हो, छायाच्या आई. हात काढलाय का तिनं? नाही ना? मग बोलेल."

दिन्या ओरडतोय, "माजा हाय! मी पयला घेतला!"

खिडकीतून ऊन आलेलं. वालाचा ओला वास. सालं टपटप ताटात पडत होती. किती वेळ गेला देव जाणे. मला आपलं झोपेत असल्यासारखं वाटत होतं. सालं पडत होती आणि ते दोन इवले हात तसेच.

आणि छाया बोलली. माझी छाया बोलली! "नाही देणार. माझं खेळून झालं नाही."

दिन्याने घोड्यावरचा हात काढला. मग म्हणाला, "मंग झाल्यावर दे."

बाई नुसत्या हसल्या. मी मात्र दारातच रडले.

आज सकाळी सतरंज्या घालताना कुणीतरी हा पाट उचलायला गेलं. छायाने त्यावर हात ठेवला. "नाही. बाईंचा आहे. इथेच राहू दे." म्हणून तो इथे आहे, बरं का.

बाई, तुम्हाला नमस्कार करते. आता आपण सगळे थोडा वेळ शांत बसूया, बाई वाल सोलताना बसायच्या तसे. आणि मधेच एखादं पोर बोललं, तर हात जोडते, त्याला गप्प करू नका.