शेवटची बारा मिनिटं

डोरीन : मान सरळ ठेव, नॉर्मन. आणि क्लेम, दणके न देता चालव जरा.

क्लेम : पावाची गाडी आहे ही, राणीची बग्गी नाही. डॉक्टर काय म्हणाले ते सांगशील का आता? तासभर बाहेर सिगारेटी फुंकत बसलोय.

डोरीन : मोडलेलं काही नाही.

क्लेम : हुश्श! मग झालंय काय माझ्या मेव्हण्याला?

नॉर्मन : मानेत नस दबलीय. म्हणून डावा हात बधिर होतो. सहा आठवडे गळ्यात पट्टा, मग फाउंड्रीत कामावर.

क्लेम : आणि रग्बी?

डोरीन : संपलं. अजून एक जोराचा दणका बसला असता, तर मानेखालचं सगळं गेलं असतं म्हणाले.

क्लेम : ... काल मी ओरडलो होतो.

नॉर्मन : ऐकलं मी. चार हजार माणसं बोंबलत होती, तरी तुझा आवाज कळला. ‘पळपुट्या!’

क्लेम : अरे, बारा मिनिटं उरलेली, आपण दोनच गुणांनी पुढे, हरलो तर थेट खालच्या गटात! आणि अकरा वर्षं खेळलेला गडी आपल्या पायांनी चालत बाहेर येतो. नाक फुटलं तरी तू कधी बाहेर आला नव्हतास. मला काय ठाऊक?

नॉर्मन : त्यांचा तो दाढीवाला सरळ माझ्या अंगावर आला. मी धरला त्याला. म्हणजे, मला वाटलं धरला. हात त्याच्या कमरेला होता, पण बोटं माझी नव्हती. सुटला तो. आपल्या एन्सरने त्याला मागून पाडला म्हणून वाचलो. मी आत राहिलो असतो तर सामना गेला असता.

क्लेम : म्हणून आलास होय? संघासाठी?

नॉर्मन : हो. तसंच सांग सगळ्यांना.

क्लेम : सांगतो की, गावभर सांगतो. आपण वरच्या गटात राहिलो ते तुझ्यामुळे! थांबा, इथे मासे-चिप्स घेतो, माझ्याकडून. मला माफीबिफी मागता येत नाही, रांगेत उभं राहता येतं.

(क्लेम उतरून दुकानाच्या रांगेत जाऊन उभा राहतो.)

डोरीन : जानेवारीपासून ना?

नॉर्मन : काय?

डोरीन : हात. कोळसा नाही म्हणून सरकारने वीज कापली होती, मैदानावर दिवे लावायला बंदी, म्हणून तुम्ही बुधवारी भरदुपारी गोठलेल्या चिखलात खेळलात. त्या दिवसापासून शर्टाची बटणं एका हाताने लावतोस तू.

नॉर्मन : तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?

डोरीन : बोलले असते तर थांबला असतास?

नॉर्मन : नाही.

डोरीन : मग? दर सामन्याला रेडिओ बंद करून फरशी पुसत बसायचे. तू दारात दिसेपर्यंत. यंदा फरशी इतकी चकाकतेय, घरात आरसा नसता तरी चाललं असतं.

नॉर्मन : डोरीन, मघाशी क्लेमला सांगितलं ना, ते सगळं खरं नव्हतं.

डोरीन : हं.

नॉर्मन : दाढीवाला सुटला, पाठोपाठ त्यांचा दुसरा येताना दिसला. मला ना संघ आठवला ना गट. घाबरलो गं. आयुष्यात पहिल्यांदा. वाटलं, इथून आत्ता निघालो नाही तर घरी जाणार नाही. आणि चालू लागलो. लोक शिव्या देत होते आणि मला... बरं वाटत होतं.

डोरीन : आणि आज डॉक्टरांनी खेळ बंद म्हटल्यावर डोळ्यांत पाणी आलं, ते?

नॉर्मन : सुटलो म्हणून. क्लबात बोलू नकोस हे कुणाला.

डोरीन : नाही बोलणार. क्लेम अजून रांगेतच आहे. मला एकदा परत सांग, ते ‘सुटलो’ म्हणून.