वेसण कोणी घातली

बडनेरा स्टेशनात, बायकांच्या खोलीत, अकोल्याच्या गाडीची वाट पाहत शाळामास्तरीण रमाबाई पुस्तक उघडून बसल्या होत्या. पान काही उलटत नव्हतं, कारण शेजारच्या बाकावर गोदाबाई आणि वच्छला या दोन जावा बोलत होत्या.

“वच्छला, शाळेत इन्स्पेक्टर सायबानं तुह्या पोरीले इचारलं तरी काय?”

“‘पुल थ्रू’चं वाक्य कर म्हने. म्हंजे भोकातून ओढून पार काढनं. बाकीच्या पोरींनी सुईदोरा सांगतला. माही म्हने, माही माय गोऱ्ह्याच्या नाकातून दोर ओढते, वेसण घालते.”

“अवो माय! अन् सायब?”

“शाबास म्हनला. दोनदा म्हनला.”

“पर बाईमानसानं वेसण घातली, हे सांगाचं असते का? काकाचं नाव घ्याचं!”

“काकानं ओढली का? आमचे मालक गेले, गोऱ्हा मोकाट फिरे. कोनी आलं नाही, तुमचे मालक बी नाही. मंग मीच गोठ्याचं दार लावून ओढली. पोरीनं शिंगं धरली. गावात आपल्या बोलीत कोनाले सांगाची माही हिंमत नाही झाली, बाई. तिनं सायबापुढं इंग्रजीत सांगतलं.”

गाडीची घंटा झाली. गोदाबाईंनी शिदोरी बांधली, पुन्हा सोडली, पुन्हा बांधली.

“वच्छला, आमच्या मालकाचे हात आता कापतेत. आमचा गोऱ्हा बी वेसणीले आला. येशील?”

“येतो ना. पर दार नाही लावनार. त्याले आंगनात बांधजा. पारावरच्या गडीमानसायले दिसलं पायजे.”