वाढत्या मापाचं कार्ड

न्हाई, तुमीच सांगा आता, दीड वीत लांब वस्तू एक वितीच्या डब्ब्यात बसती का हो? कशी बसंल? पोतं असतं तर गुडघा देऊन दाबलं असतं, लेकरू असतं तर म्हणलं असतं, मांडी घाल, जरा सरक... पण हे कॉम्प्युटरचं कार्ड! ग्राफिक्स कार्ड म्हणतात त्याला, चित्र भारी दिसावं म्हणून आत टाकतात. हिरवी पाटी, तिच्यावर हा एवढा पंखा, वाकत न्हाई, दुमडत न्हाई. पंधरा दिवस, तुमाला सांगतो, पंधरा दिवस मी एका हातात कार्ड आन दुसऱ्या हातात डब्बा धरून बसलो. पयल्या दिवशी राग आला. दुसऱ्या दिवशी हसू आलं. तिसऱ्या दिवसापासून जे बंद पडलं ते पडलंच. आता मला काहीच वाटत न्हाई.

मी प्रेमानंद. हिंगोलीत लग्नाच्या शूटिंगा करतो. शूटिंग करायची, घरी आणून कॉम्प्युटरवर मिक्सिंग करायची, नवरी कमळातून बाहेर काढायची, नवरदेव बर्फाच्या डोंगरात उभा करायचा, सीडी द्यायची, झालं. आता तुमी म्हणसाल, धंदा कॉम्प्युटरचा, मंग कॉम्प्युटर एवढासा काहून घेतला? घेतला न्हाई, घ्यायला लावला! आमची बायको, करुणा. तिनं फर्मान काढलं, "हे बघा, पुढच्या खोलीत मोठं धूड आणायचं न्हाई, पाहुणे येतात. शोकेसात टीव्हीखाली जो खण हाय, त्याच्यात बसंल तेवढंच आणा." मंग मी तसाच आणला, एका हापिसातून निघालेला, आडवा, चपटा, मिठाईच्या खोक्याएवढा. करुणानं त्याच्यावर क्रोशाचा रुमाल टाकला, रुमालावर फुलदाणी ठेवली. गिऱ्हाईक यायचं, विचारायचं, "भाऊ, कॉम्प्युटर कुठंय?" मी फुलदाणीकडं बोट करायचो. गिऱ्हाईक फुलदाणीकडं बघायचं, माझ्याकडं बघायचं, आन दुसऱ्या शूटिंगवाल्याकडं जायचं.

तरीबी बरं चाललं व्हतं. दोन हजार सातच्या उन्हाळ्यात आमच्या बहिणीचं, आकांक्षाचं लग्न झालं, गावी, साखऱ्याला. घरचं लग्न म्हणून मी नांदेडहून नवा भारीतला कॅमेरा आणला. काय ते चित्र! मावशीच्या दातात अडकलेली बडीशेप दिसावी, इतकं साफ. शूटिंग कॉम्प्युटरात घेतलं आन कॅसेट पुसून दुसऱ्या लग्नाला वापरली. आमच्या धंद्यात समदे असंच करतात. मिक्सिंग? घरचंच तर हाय, करू की निवांत... आन लग्नाला तीन महिने झाले न झाले तर आमची माय गेली. सोजराबाई. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी न्हाई. बस, एवढंच झालं. लोक आले, रडले, गेले. मी मंडपवाल्याशी बोललो, पाण्याचा टँकर बघितला, मला कुणी म्हणलंबी, "प्रेमानंद, रड जरा, मोकळा हो." कुठून रडू? आता मला काहीच वाटत न्हाई.

मंग बाप आमच्याकडं राहायला आला. जळबा त्याचं नाव. मायचा फोटो एकच, वोटिंग कार्डावरचा मोठा करून लावलेला. आता वोटिंग कार्डाचा फोटो म्हणल्यावर तुमाला कळलंच असंल! त्याच्यात माय अशी बघून राहिली की जसं फोटोवाल्यानंच तिची शेळी नेली. बाप चार दिवस त्या फोटोपुढं बसला आन पाचव्या दिवशी म्हणला, "ही न्हाई ती. ही कोण हाय काय म्हाईत. तुझ्या त्या डब्ब्यात लग्नाचं हाय ना? त्याच्यातली दाखीव. हालती, बोलती."

लावलं. आन काय झालं? नव्या कॅमेऱ्याचं शूटिंग जड, आन डब्बा एवढासा, त्याला पेलंना. चित्र अडकायचं, आवाज पुढं पळायचा. माय मंडपातून चालत येऊन राहिली, एक पाय उचलला... आन तशीच उभी! तिकडं बुद्धवंदना झाली, मंगल मैत्री म्हणून झाली, पंगत बसली, कुणीतरी वरण मागून राहिलं, आन मायचा पाय वरच्या वर!

बाप म्हणला, "काहून थांबली ती?"

म्हणलं, "अडकली, बाबा."

"मंग काढ की तिला!"

बसस्टँडच्या मागं बंटी कॉम्प्युटरवाला हाय, त्याला बोलवलं. बंटी अर्धं हिंदी बोलतो, अर्धं मराठी, आन दोन्हीत वाईटच बातमी देतो. त्यानं झाकण काढलं, फुंकर मारली, म्हणला, "प्रेमानंदभाऊ, इसमें दम नहीं. ग्राफिक्स कार्ड टाकावं लागंल. लेकिन डब्बा छोटा हाय, तर छोटंच कार्ड पायजे. अपने यहाँ नहीं मिलता, नांदेडला जावं लागंल." त्यानं चिठ्ठी लिहून दिली, नाव, नंबर, समदं.

बाप उठला. "मी चाललोच हाव नांदेडला, डोळे दाखवायला. मी आणतो. माप दे."

म्हणलं, "बाबा, चिठ्ठी दाखवा नुसती."

"चिठ्ठीत माप अस्तं व्हय? काडी दे!"

आता आमच्याकडं नवरदेवाचा जोडा काडीवर आणतात. नवरदेवाच्या पावलाला काडी लावायची, टाचेपासून अंगठ्यापतोर, तिथं कच्चकन तोडायची, आन ती काडी घेऊन बाप बाजाराला. नवरदेव न्यायची गरजच न्हाई, काडी गेली की नवरदेव गेला! माझाबी जोडा तसाच आला. तर खराट्याची एक काडी काढली, डब्ब्यात आडवी धरली, जिथं अटकली तिथं तोडली, बापाच्या हातात दिली. बापानं काडी रुमालात गुंडाळली आन चिठ्ठी खिशात घातली. चिठ्ठी पुढं धुण्यात निघाली, लगदा होऊन.

पण काडी तरी बराबर व्हती ना? व्हती! दुकानदारानं काडी लावून बराबर कार्ड काढलंबी! बापानंच येऊन सांगितलं, लई कौतुकानं. दुकानदार म्हणला, "ये लो चाचा, काडी के बराबर." वितभर कार्ड. आता इथं एक गोष्ट समजून घ्या. आमच्या बापानं जन्मात बराबर मापाची वस्तू घेतली न्हाई. मी दुसरीत असताना चौथीचा सदरा घातला, चौथीत गेलो तवा तो फाटला, मंग सहावीचा आला. जन्मभर माझी बोटं बाहीच्या आत! लग्नातला जोडा काडीवर एक बोट मोठा आणला, पुढं कापूस कोंबून मी बुद्धाच्या मूर्तीपुढं उभा राहिलो. का? तर पाय वाढतो. मी अठ्ठावीस वर्षांचा व्हतो!

तर बाप दुकानदाराला म्हणला, "ये तो आज का हुआ. कल का क्या? बढता माप दिखाव."

आता असं गिऱ्हाईक कोणता दुकानदार सोडंल? त्यानं फळीवरचं समद्यात मोठं खोकं काढलं, फडक्यानं पुसलं, म्हणला, "चाचा, फिर ये ले जाव. राजा है राजा!" आन बाप राजाला मांडीवर घेऊन येष्टीनं हिंगोलीला आला.

खोकं उघडलं. मी कार्डाकडं बघितलं. डब्ब्याकडं बघितलं. बापाकडं बघितलं. तो हसून राहिला व्हता. माय गेल्यापासून पयल्यांदा.

म्हणलं, "बाबा, हे बसत न्हाई."

"आज न्हाई बसणार. डब्बा वाढंल की."

"बाबा, डब्बा पत्र्याचा हाय. वाढत न्हाई."

"मंग कंपन्या दरवर्षी मोठे कशाला काढतात?"

काय बोलता? बोला, काय बोलता! बंटीनं दुकानदाराला फोन लावला, दुकानदार भला, म्हणला, "बदल देंगे, उसमें क्या." म्हणजे सुटलो की न्हाई? एक येष्टी जायची, एक यायची, विषय संपला. मी बापाला म्हणलं, "बाबा, मी उद्या बदलून आणतो, लहानवालं." बापानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. मंग म्हणला, "ऱ्हाऊ दे. तिच्यासाठी जन्मात एक वस्तू मनानं आणली, तीबी चुकली म्हण." आन वट्ट्यावर जाऊन बसला. दोन दिवस. जेवायला बोलवलं की "भूक न्हाई." तिसऱ्या दिवशी मीच बाहेर जाऊन म्हणलं, "बाबा, बसतंय. मी बराबर बसवतो."

तुमाला सांगतो, तिथून पुढं मी माणसात न्हाई. बंटीला म्हणलं, डब्बाच मोठा घेऊ. बंटी म्हणला, "नहीं होता भाऊ, इसका अंदर का माल इसीच डब्बे का है, दुसऱ्यात भोकं जुळत न्हाईत." बरं. झाकण काढलं. कार्ड उभं केलं तर त्याचं डोकं बाहेर. बरं, झाकण नको. आता पुढून लांबीला अटकतंय. हार्डडिस्क काढली, वायरीवर लोंबती ठेवली. तरी अटकतंय. पुढचा पत्रा आडवा येतो. मंग डब्बा घेऊन गेलो कनेरगाव नाक्याला, संतराम म्हणून हाय, धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या करतो. त्यानं डब्बा उलटा केला, सुलटा केला, आत डोकावला, म्हणला, "किती पोत्याची हाय?" म्हणलं, "कॉम्प्युटर हाय." म्हणला, "असंल. भोक ज्वारीचं पाडू का तुरीचं?" म्हणलं, तुरीचं पाड. मला काय! आता मला काहीच वाटत न्हाई.

बसलं. कार्ड वितभर डब्ब्यात, अर्धी वीत बाहेर, त्या भोकातून. बंटी बघून म्हणला, "भाऊ, अब डब्बा कार्ड में बैठा है." चालू केलं तर चालू होईना, राजाला करंट पुरंना. दुसरी पॉवर सप्लाय आणली, बाजूला सुतळीनं बांधली. आता तापून राहिलं. टेबल फॅन आणून लावला. आता शोकेसात कुठलं बसायला? बाज आणली, बाजेवर मांडलं, इकडं डब्बा, तिकडं डिस्क, मधी वायरी, पायथ्याशी फॅन. दवाखान्यातला पेशंट परवडला. करुणा दारात उभी राहून बघून राहिली. मी म्हणलं, आता बोलणार. बोलली, "मी खणात बसंल तेवढं म्हणलं व्हतं." एवढंच. आन फुलदाणी उचलून आत घेऊन गेली.

त्या दिवशी लाइट दोन वाजता यायची व्हती. बाप बारापासून तयार. पांढरा सदरा, धुतलेला, खुर्ची ओढून समोर. लाइट आली. चालू केलं. पंखा असा गरगरला की शेजारचे विचारायला आले, गिरणी टाकली का म्हणून. आन पडद्यावर माय आली, एक पाय उचलला... आन खाली ठेवला.

चालली. मंडपभर चालली!

आता तुमी म्हणसाल, झालं ना मंग? कशाचं झालं! तीन तासाचं शूटिंग, आन तीन तास मी काय काढलं? पाहुणे. वरातीतले पाहुणे, जेवतानाचे पाहुणे, पाहुण्याचे पाहुणे. आपल्या मायला काय काढायचं, ती तर घरीच हाय, असं वाटलं मला. दिसली की पाठमोरी. पुढून दिसली की पदर तोंडावर, हात आडवा, "बाजूला हो रे, पाहुण्याचं काढ, माझं काय काढतोस!" आन मी शहाणा, लगेच बाजूला व्हायचो. मी, शूटिंगवाला! लोकांच्या माया कमळातून काढतो, आपली न्हाई काढता आली. लाज वाटली मला. व्हय, तेवढं वाटलं.

बाप वाट बघून राहिला. आन पार शेवटाला, पंगत उठताना, कॅमेरा तिवईवर, मी कुठंतरी वायर गुंडाळून राहिलो, कॅमेरा आपला चालूच. माय समोरून येती, हातात तांब्या, घाम आलेला, पदर खाली. सरळ आपल्याकडं बघती. म्हणजे कॅमेऱ्याकडं न्हाई, बाप तवा तिवईच्या मागं उभा व्हता ना, त्याच्याकडं. आन म्हणती, "आवं, जेवलाव का?"

मागून बापाचा आवाज येतो, पण तिला न्हाई, वाढप्याला: "अरे, तिकडं वरण न्या, वरण!" माय जरा उभी राहती, वाट बघती... आन जाती. संपलं शूटिंग. अकरा सेकंद.

खोलीत पंखा गरगरून राहिला. मी डिस्क किती तापली ते बघत बसलो, कारण कुठंतरी बघायला पायजे ना! तर बाप हळूच म्हणतो, "परत लाव."

लावलं. "आवं, जेवलाव का?"

बाप पडद्याकडं बघून म्हणतो, "व्हय. जेवलो."

तवापासून, तुमाला सांगतो, लाइट असंल तवा हेच. लग्नाची एक ऑर्डर घेता येत न्हाई, बाज अडलेली, खोली अडलेली. ती विचारती, हा सांगतो. दिवसातून दहा डाव, वीस डाव. मी लावत राहतो. फक्त दुपारी करुणा ताट वाढून हाक मारती, "मामा, चला, जेवून घ्या." तर बाप खुर्चीवरून हलत न्हाई. म्हणतो, "लेकी, जेवलो म्हणून मी आताच तिला सांगितलं. पुन्ना जेवायला बसलो तर खोटं पडंल ना."