दह्याचं कपाट

कस्तुरी : ही बघ आई, ही सहा जणांची आणि ही चार जणांची. आत टेबल आहे, ते खाली पाडलं की त्याचा बेड होतो. आज ठरवायला पाहिजे हं. गाडी त्यांनी फक्त आजच्यापुरती होल्डवर ठेवलीय.

उल्का : शेगड्या किती?

कस्तुरी : दोन. गॅसच्या.

उल्का : पुरेत. एकीवर कुकर, एकीवर पोळ्या.

शशी : वाळवंटात कुकर लावणार! शिट्टी ऐकून कोल्हे येतील पंगतीला.

उल्का : येऊ देत. तुम्ही येत नाही म्हणताय ना, तुमचं ताट त्यांना वाढू.

शशी : मी येत नाही, एवढंच नाही म्हणत. कोणीच जाऊ नका म्हणतोय.

कस्तुरी : बाबा, प्लीज. मला बुकिंगमध्ये नंबर टाकायचाय. दोन का तीन?

शशी : शून्य टाक.

कस्तुरी : झीरो घेत नाही ते. ड्रायव्हर तरी लागतो.

शशी : ड्रायव्हर कोण, तू? परवा ब्रिस्टलहून वॉटफर्डला येताना मोटरवेवर आरसा घालवून आलीस. आता बसएवढं मोटरहोम हाकणार, तेही रस्त्याच्या उलट्या बाजूने.

कस्तुरी : तो आरसा लॉरीवाल्याने तोडली. आणि अमेरिकेत मोटरहोम नाही म्हणत, आरव्ही म्हणतात. दादा आरव्हीच म्हणायचा.

उल्का : तोडला. तोडली नाही, तोडला. आणि चालवेल हो ती. अर्जुन नव्हता का चालवत, एकटाच?

शशी : होता ना. एकटाच होता.

कस्तुरी : ओके. मी चहा करते. कोणाला पाहिजे?

शशी : मला नको.

उल्का : ह्यांना अर्धा कप. साखर घालू नकोस, मागतील.

कस्तुरी : बाबा, जाणं-न जाणं नंतर. आधी त्या गरम पाण्याच्या टाकीचं काहीतरी करा. सकाळी माझ्या केसात शाम्पू होता आणि पाणी एकदम फ्रीझिंग. फेब्रुवारीत! तो प्लंबर, रघुवीर, दोनदा सांगून गेला ना, ही जुनी टाकी काढा, बिनटाकीचा कॉम्बी बॉयलर बसवा म्हणून?

शशी : काय वाईट आहे टाकीत? चालतंय की.

उल्का : दुसऱ्यांदा आला तेव्हा दारातूनच परत पाठवला त्याला. वेम्बलीहून आलेला माणूस. चहासुद्धा विचारला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कस्तुरी : टाकी गेली की तिचं ते अख्खा कपाट मोकळं होईल, आई. तिथे वॉशिंग मशीन जाईल.

उल्का : नको बाई. राहू दे ते कपाट. टाकीच्या उबेला मी दही लावते तिथे. इथल्या थंडीत दुसरीकडे कुठे लागतच नाही मेलं.

कस्तुरी : टेस्कोमध्ये दही मिळते.

उल्का : त्याला दही म्हणतात होय? दाखव, ते तळं दाखव मला परत.

कस्तुरी : हे बघ. हा दादाचाच फोटो आहे, त्याने मला पाठवलेला. हे मागचे डोंगर संध्याकाळी गुलाबी होतात. गाडी अगदी पाण्याजवळ लावायची. लाइट नाही, नळ नाही, काही नाही. सगळं पाणी आपण गाडीच्या टाकीत भरून न्यायचं.

उल्का : किती निळं आहे ग. आणि झाड एकही नाही. पाणी आहे तर झाडं का नाहीत?

शशी : खारट आहे ते. पाणी आत येतं, बाहेर जायला वाटच नाही. काय उगवणार तिथे?

उल्का : तुम्ही पाहिलंयत.

शशी : पाहिलंय म्हणूनच सांगतोय. पोलिसाने काठावर उभं करून बोटाने दाखवलं मला. तिथे त्याची होडी मिळाली, कयाक, तिथे तो मिळाला. वारा उठला म्हणाला, इथे असाच अचानक उठतो. काल पाऊस पडला असं हवेबद्दल सांगावं, तसं सांगत होता. बघण्यासारखं काही नाहीये तिथे, उल्का. दगड आहेत नुसते.

उल्का : पण तुम्ही पाहिले ते दगड. मी नाही पाहिले.

शशी : तुला सोसलं नसतं.

उल्का : तेव्हाही हेच म्हणालात. तू येऊ नकोस, तुला सोसणार नाही. आणि मी शहाण्यासारखी घरी बसले. सोसलं का मग? घरी बसून सोसलं, असं वाटतं तुम्हाला?

कस्तुरी : आई…

उल्का : थांब तू. अहो, दर उन्हाळ्यात त्याचा फोन यायचा. आई, बाबांना घेऊन ऑक्टोबरमध्ये या. मी गाडी घेऊन विमानतळावर येतो, तुम्ही फक्त बसा. आणि आपण काय म्हणायचो?

शशी : पुढच्या वर्षी.

उल्का : पुढच्या वर्षी. कारण यंदा पुण्याला मुंज आहे. यंदा अण्णांची पंच्याहत्तरी आहे. यंदा फ्लॅटच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग आहे. अख्खा जन्म हॉस्पिटलात काढलात, पण तुमची रजा कधी पुण्याशिवाय दुसऱ्या गावाला गेली का हो? ते वॉटरप्रूफिंग तरी टिकलं का?

शशी : नाही टिकलं.

कस्तुरी : मी पण नाही गेले, आई. तो मलापण बोलवत होता. मला वाटायचं, टाइम आहे.

शशी : तू गप्प बस. तुझा काय दोष त्यात? दोष माझा आहे, आणि म्हणूनच मी नाही येणार.

कस्तुरी : बाबा, तुम्ही कसे असे म्हणता? आम्ही ब्लेम करत नाही तुम्हाला.

शशी : तुम्ही नका करू. तुम्हाला माहीतच नाही. त्याची गाडी मी ताब्यात घ्यायला गेलो ना, मागचं दार उघडलं, तर आत दोन खुर्च्या होत्या. घडीच्या. नव्याकोऱ्या, लेबलंसुद्धा काढली नव्हती. एकीला कमरेला आधार द्यायची उशी होती.

उल्का : तुमच्या कमरेसाठी.

शशी : माझ्या कमरेसाठी. त्या वर्षी मी त्याला म्हटलं होतं, बघू, जमवतो. नुसतं बोलायचं म्हणून बोललो ग मी. त्याने खुर्च्या आणून ठेवल्या.

कस्तुरी : ओ बाबा.

शशी : मी त्या पोलिसाला म्हटलं, द्या कोणालातरी. हात लावला नाही मी त्यांना. आता सांग, त्याच काठावर जाऊन मी कशावर बसू?

उल्का : का नाही सांगितलंत मला?

शशी : काय सांगणार? तू आधीच जेवत नव्हतीस.

कस्तुरी : बाबा, चहा घ्या. साखर घातलीय मी, असू दे.

शशी : आणि मुळात तिथे आता आपलं काय आहे? अमेरिकेतला कारभार संपला. अस्थी नाशिकला नेल्या, गुरुजींनी सांगितलं तसं एकूण एक केलं. सगळं झालंय त्याचं.

उल्का : सगळं नाही झालं.

शशी : म्हणजे?

उल्का : त्याला नाशिकला कोणी न्यायला सांगितलं? पुण्याहून अण्णांचा फोन आला, आपल्याकडचे सगळे तिथेच नेतात म्हणाले, की तुम्ही लागलात तिकिटांच्या मागे. मला एका शब्दाने विचारलंत? लहानपणी एकदा नेला होता त्याला नाशिकला, आठवतंय? माकडाने क्रिस्प्सचं पाकीट पळवलं, पोट बिघडलं, आणि दोन्ही दिवस एकच, आई, घरी कधी जायचं? घर म्हणजे हे हो. वॉटफर्ड. आणि मोठा झाल्यावर ते तळं. नाशिक त्याचं कधीच नव्हतं.

शशी : असेल. पण आता झालं ना? वाहिलं ना पाण्यात?

उल्का : वाहिलं. पण सगळं नाही. मी थोडा ठेवून घेतला त्याला.

कस्तुरी : आई, काय?

उल्का : तुम्ही अमेरिकेहून आणलंत त्याला, त्याच्या दुसऱ्या दिवशी. इथे, ह्याच टेबलावर होता. तुम्ही वर तिकिटांच्या फोनवर होतात. मी एकटीच होते त्याच्याजवळ. मला वाटलं, आत्ता ह्याला उचलतील आणि त्या गर्दीत नेऊन सोडतील, आणि मग माझ्याकडे काय? ड्रॉवर उघडला तर चमचा कुठला घ्यायचा तेच कळेना. कोणत्या चमच्याने घेतात, कोणाला विचारू? शेवटी त्याचाच घेतला, लहानपणचा, दूध-सीरियलचा. वाटीभरसुद्धा नाही घेतलं हो. थोडंसंच.

कस्तुरी : कुठे आहे मग तो? आई, दादा कुठे आहे?

उल्का : वर. दह्याच्या कपाटात. टॉवेलांच्या मागे.

कस्तुरी : माय गॉड. मी सकाळी तिथून टॉवेल घेतली.

उल्का : तिथे ऊब असते ग. त्याला कुठे थंडी सोसायची? इथल्या काळोख्या हिवाळ्यांना कंटाळूनच गेला ना तिकडे, उन्हात. मी त्याला गराजमध्ये कसा ठेवू? अहो, रागवा. काय बोलायचं ते बोला. पाप केलं म्हणा. पण गप्प बसू नका असे.

(वरच्या मजल्यावर पाण्याची टाकी गुरगुरते.)

शशी : स्टीलच्या डब्यात आहे. तुपाच्या. झाकणाला लाल दोरा बांधलायस.

उल्का : तुम्हाला…

शशी : रघुवीर पहिल्यांदा आला, त्याला टाकी बघायची होती. तू बाहेर गेली होतीस. मी फळ्या रिकाम्या करून देत होतो, तर डबा हातात आला. हलवला. तूप असं वाजत नाही.

कस्तुरी : तुम्ही उघडला?

शशी : कशाला उघडू? अख्खं विमान मांडीवर घेऊन बसलो होतो त्याला. मला कळणार नाही? होता तसा टॉवेलांच्या मागे ठेवला आणि रघुवीरला म्हटलं, जा बाबा, विचार करून सांगतो. नंतर तो आपणहून आला, त्याला दारातूनच घालवला. आत घेतला असता तर पुन्हा कपाटाशी गेला असता.

कस्तुरी : म्हणजे इतके दिवस तुम्ही मुद्दाम… ही टाकी… हे गार पाणी…

शशी : टाकी काढली असती तर कपाट गार पडलं असतं.

उल्का : आणि मला एका शब्दाने नाही बोललात.

शशी : तू तरी कुठे बोललीस? मला वाटलं, हिचं एवढंच उरलंय, आपण हात लावायचा नाही. रोज वर जायचो दाढीला, तेव्हा जरा दार लोटून घ्यायचो. फट राहते त्याला.

उल्का : मला वाटायचं, मीच लावते नीट.

कस्तुरी : तुम्ही दोघं ना… आय कान्ट. टिश्यू कुठे आहेत?

उल्का : सिंकशेजारी. अहो, ऐका माझं. मला कपाटात नाही ठेवायचा त्याला कायम. तो टॉवेलांच्या मागे राहणारा मुलगा नाही. त्याला त्याच्या जागी सोडायचाय मला. पण एकटीच्याने नाही व्हायचं ते. कस्तुरी गाडी चालवेल, मी स्वयंपाक करेन, पण पाण्यात उतरायच्या वेळी तुम्ही पाहिजेत. तुम्ही नाही आलात तर मी डबा तसाच परत आणेन, सांगून ठेवते.

शशी : आणि वारा उठला म्हणजे?

उल्का : उठला तर थांबू. पडेपर्यंत थांबू. आता कुठे आपली रजा संपायचीय?

शशी : कमरेचं काय करू ग? खाली बसलो तर उठता येत नाही मला.

उल्का : मी उठवेन.

कस्तुरी : गाडीबरोबर खुर्च्या मिळतात, बाबा. एक्स्ट्रा लिहाव्या लागतात. लिहू का?

शशी : उशीवाली नको.

कस्तुरी : नाही. साध्याच.

शशी : आणि हे बघ उल्का, तो स्टीलचा डबा विमानात चालायचा नाही. एक्स-रेमध्ये आतलं दिसावं लागतं, नाहीतर तिथेच सगळ्यांसमोर उघडायला लावतील. लाकडाचा नाहीतर प्लास्टिकचा पाहिजे. कागद माझ्याकडे आहेत. आणि हातातच घ्यायचा, सामानात टाकायचा नाही. एकदा आणलाय मी त्याला, मला माहितेय.

उल्का : बरं.

शशी : मी घेईन हातात.

उल्का : जाताना मी घेईन. येताना तुम्ही घेतला होतात.

शशी : बरं. तू घे.

कस्तुरी : मग… चार जणांची गाडी घेऊ? आणि तीन लिहू? बाबा? वेबसाइट लॉग आउट करेल मला.

शशी : तीन लिही. आणि त्या रघुवीरला फोन लाव. म्हणावं, मागच्या वेळचं मनावर घेऊ नकोस, घरी चहाला ये. आणि ऑक्टोबरमध्ये आम्ही परत आलो की बॉयलर बदलून टाक.

उल्का : तोवर?

शशी : तोवर राहू दे टाकी गरम.