शेजाऱ्याचा मका अन् माझा सायलेन्सर

माझी ती जुनी तीनचाकी ठाव हाय ना, फुगीर टायरांची, रानात फिरवायची? इथं जर्मनीत एर्लांगेन शहराच्या पुढं मी ज्या मळ्यावर कामाला हाय, तिथं रोज सांजच्याला तिच्यावरनं बांधानं चक्कर मारायचो. आवाज म्हणशील तर गाव हालायचं.

एका रविवारी शेजारचा म्हातारा शेतकरी हान्स फाटकात आडवा. "आज रविवार, आवाज करायला बंदी. इथं कुणी भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही, अन् तू हे फटफट लावलंस?"

माझं टाळकंच सरकलं. पान्हा घेऊन निघालो, तर बायकोनं हात धरला. "अहो, जन्माचा शेजार हाय. पान्हा गाडीवर चालवा, त्याच्यावर नको."

मग काय, गाडीचा फुटका धुराचा पाइप कापून फेकला, भंगारातल्या मोटारीचा दांडगा सायलेन्सर वेल्ड केला. गाडी अशी गप झाली, की शेजारनं गेली तरी झोपलेलं मांजर उठंना.

थोड्या दिवसांनी हान्स परत दारात. हातात माझाच फेकलेला पाइप.

"हा परत बसव."

"का ओ?"

"तुझ्या आवाजानं रानडुकरं पळायची. आता माझा मका खायला लागलीत."

मी म्हटलं, "अन् रविवारी काय करू?"

म्हातारा खाली बघत बोलला, "फिरव... डुकरं रविवार पाळत नाहीत."