बाबांच्या फाइलमधलं ‘येतो’

“जातो म्हणू नये, येतो म्हणावं,” असं दाराशी टोकणारी सखुआत्या रमाबाईंना कैक वर्षांनी आठवली. स्नेहलतागंजच्या दवाखान्यात नंबरची वाट पाहताना शेजारी बहीणभाऊ बोलत होते.

“पूर्वा, घरच्या ग्रुपवरच्या बाबांच्या चॅटची लॉग फाइल बघ, सगळ्या नोंदी आहेत. आईसाठी छापायची आहे.”

“आधी किती कचरा होता रे यात! तारीख, सेकंद, कंस...”

“सेटिंग बदलली. वेळेच्या जागी फक्त सकाळ, दुपार, सांज.”

“क्या बात है, भिया! ओवीसारखं वाचता येतंय.”

“ते ऑफलाइन झाले की प्रोग्राम लिहायचा, ‘बाबा इथे नाहीत’. रोज. त्यांना जाऊन महिना नाही झाला, आई कसं वाचणार ते?”

“मग?”

“तिथे ‘येतो’ केलं. सगळीकडे.”

“दादा, हे तुलाच सुचू शकतं. शेवटच्या दिवशीपण?”

“हो ना. बघ. सांज. ‘पूर्वा, अजून रागात आहेस का?’ आणि खाली, ‘येतो’.”

पूर्वाचं बोट त्या ओळीवरच थांबलं.

“तेव्हा कोण ऑनलाइन होतं, ते दिसत नाही यात?”

“त्या ओळी काढल्या मी. का गं?”

“माझी ओळ परत घाल, दादा. मी होते तेव्हा. वाचलं होतं मी.”